वरून कशी दिसते?

मी दिवसभर इमारतींची ड्रॉइंगं काढते. प्लॅन म्हणजे वरून दिसणारं, एलिव्हेशन म्हणजे बाजूने दिसणारं, सेक्शन म्हणजे कापून आतलं दाखवणारं. यातलं एक जरी राहिलं तरी साइटवरून फोन येतो आणि बोलणी खावी लागतात. तरीही आयुष्यातली पहिली हातघडणीची सुरी करून घेताना मी ब्लेडस्मिथला, म्हणजे पाती घडवणाऱ्या लोहाराला, फक्त एलिव्हेशन पाठवलं. दोन रविवार खपून काढलेलं, सावल्याबिवल्या दाखवलेलं, बाजूने दिसणाऱ्या बोवी नाइफचं चित्र. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "बाजूने छान आहे. वरून कशी दिसते?"

कान गरम झाले. वरून ती कशी दिसते याचा मी विचारच केला नव्हता.

बोवी म्हणजे नक्की कोणती सुरी, यावर दोन जाणकारांचं एकमत होणं अवघड आहे. ढोबळमानाने सांगायचं तर मोठं, एका अंगाला धार असलेलं पातं, पात्याच्या बुडाशी बोटं सांभाळणारं गार्ड, आणि टोकाकडे पाठ अशी खाली उतरलेली, की कुणी कात्रीने कोपरा छाटलाय असं वाटावं. त्या छाटाला क्लिप म्हणतात. टोक त्यामुळे खाली येतं आणि अणकुचीदार होतं.

नाव पडलं ते जिम बोवी या अमेरिकी माणसावरून. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या, नॅचेझजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर द्वंद्व ठरलं होतं, तेही भलत्याच दोघांचं. त्या दोघांनी एकमेकांवर दोन-दोन गोळ्या झाडल्या, एकही लागली नाही, आणि हात मिळवून त्यांनी प्रकरण मिटवलं. मग सोबत आलेल्या मंडळींचीच जुंपली, त्यांत बोवीही होता. बोवीला गोळ्या लागल्या, वार झाले, तरी त्याने हातातल्या मोठ्या सुरीने विरुद्ध बाजूच्या नॉरिस राइटला ठार केलं आणि स्वतः वाचला. वर्तमानपत्रांनी ही हकिगत उचलून धरली आणि लोक 'बोवीसारखी सुरी' मागत लोहारांकडे जाऊ लागले. ६ मार्च १८३६ ला तो टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारला गेला, तेव्हापासून तर दंतकथेला धरबंधच राहिला नाही. टेनेसी राज्याने १८३८ मध्ये या सुरीच्या विक्रीवर बंदी आणली, आणि तिकडे इंग्लंडातले शेफिल्डचे कारखाने अमेरिकेत पाठवायला ढिगाने बोवी बनवत होते.

मला आवडतो तो या कथेतला कमी नाटकी माणूस, जिमचा भाऊ रेझिन. १८३८ मध्ये त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितलं, की पहिली सुरी आपली. ती शिकारीसाठी होती. पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी आणि वाक नसलेलं. म्हणजे आज जिच्यामुळे आपण बोवी ओळखतो त्या डौलदार क्लिपचा त्या वर्णनात पत्ता नाही. हे मला चित्र पाठवून झाल्यावर कळलं. माझ्या चित्रातलं पातं बारा इंचांचं होतं आणि क्लिप अशी की तिच्यावरून घसरगुंडी खेळावी. मापं देताना रेझिनसुद्धा लांबी-रुंदीवर थांबला, एवढंच काय ते समाधान.

लोहार कसा शोधला ते आधी सांगायला हवं होतं. फोटो बघून निवडायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं, कारण फोटोत सगळ्याच सुऱ्या सुंदर असतात. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली सुरू झालेली संस्था आहे. तिची परीक्षा वाचून मी थक्क झाले होते. उमेदवाराने घडवलेल्या एकाच पात्याने आधी एक इंच जाडीचा, सुटा लोंबणारा दोर एका घावात कापायचा. मग दोन बाय चार इंची लाकडाचे दोनदा तुकडे करायचे. त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. आणि शेवटी तेच पातं शेगड्यात, म्हणजे बेंच व्हाइसमध्ये, पकडून नव्वद अंशांत वाकवायचं. तुटलं तर नापास. म्हणजे धार कठीण हवी आणि पाठ चिवट हवी, या दोन्ही मागण्या एकाच लोखंडाकडे. परीक्षेनंतर त्या सुरीचा काही उपयोग उरत नाही.

ही परीक्षा दिलेलाच माणूस हवा असा माझा हट्ट नव्हता. मात्र पाच जणांना मी एकच प्रश्न विचारला: तुम्ही स्वतःचं पातं कधी मोडून बघता का? दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाला राग आला. चौथ्याने पोलादाच्या दर्जाबद्दल लांबलचक व्याख्यान दिलं. पाचव्यांनी एका पत्र्याच्या डब्याचा फोटो पाठवला. डबा मोडक्या पात्यांनी काठोकाठ भरलेला. मी तिथेच थांबले. यादीत माझा नंबर लागायला अकरा महिने लागतील असं ते म्हणाले, आणि पैसे घडाई सुरू होईल तेव्हाच द्या म्हणाले. ही दुसरी खूण. वर्षभर आधी पूर्ण रक्कम मागणाऱ्यांपासून लांब राहावं, असं माझं मत आहे. आणखी एक काम याच टप्प्यावर उरकावं: एवढ्या लांबीची सुरी बाळगण्याचे आणि टपालाने मागवण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते ऑर्डर देण्याआधी वाचून ठेवावेत.

वरून कशी दिसते, याच्यानंतर त्यांचा दुसरा प्रश्न आला. "हिने काय कापणार?"

खरं उत्तर होतं: काही नाही. मला ती हवी होती, बस्स. पण असं मोठ्या माणसाला कसं सांगणार? मी लिहिलं, की ट्रेकला जाते, सरपण फोडायला, फांद्या तोडायला लागते, अधूनमधून दोर. त्यांचं उत्तर: "यातलं खरं किती?" मी म्हटलं, निम्मं. "मग निम्म्यासाठी बनवू. नुसती भिंतीवर लावायची असती तर बारा इंच दिली असती."

तिथून अडीच महिने आमचं लिहिणं-बोलणं चाललं आणि माझं चित्र हळूहळू झिजत गेलं. बारा इंच लांब आणि बुडापासून टोकापर्यंत सहा मिलिमीटर जाड, असं पातं मुठीसकट पाऊण किलोच्या घरात जाईल, हे त्यांनी हिशेब करून दाखवलं. हातोडा तेवढा जड असतो, पण हातोडा आपण टेबलावर ठेवून-उचलून वापरतो. सुरी हातात धरून फिरवायची असते. मी विचारलं, मग पातळ करायचं का? ते म्हणाले, बुडाशी पातळ नाही करायचं, पुढे जाता जाता करायचं. गार्डपाशी सहा मिलिमीटर, क्लिप सुरू होते तिथे तीन, टोकाजवळ दीड. वरून पाहिलं तर पाठ लांबट पाचरीसारखी निमुळती होत जाते. वजन मागे सरकतं, हातापाशी येतं. याला डिस्टल टेपर म्हणतात, आणि बाजूच्या चित्रात तो दाखवायची कसलीच सोय नसते. बाजारातल्या बऱ्याचशा स्वस्त बोवी हातात घेतल्यावर पहारीसारख्या का वाटतात, हे मला त्या दिवशी उमगलं. त्या सपाट पट्टीतून कापलेल्या असतात, आणि पट्टीची जाडी सगळीकडे सारखीच असते.

लांबी मी शेवटी सव्वानऊ इंचांवर आणली. रेझिनबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. रुंदीही दीडच इंच. क्लिप मात्र सोडली नाही. लहान केली, सरळ केली, पण ठेवली. थोडा नखरा हवाच.

दमास्कसवरून आमचं थोडं वाजलं. वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून, दुमडून, शेवटी आम्लात बुडवून ज्यावर लाटा उमटवतात, ते पातं मला हवं होतं. बिल मोरन या अमेरिकी कारागिराने १९७३ मध्ये अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि तिकडे जवळजवळ विसरलेली ही विद्या पुन्हा चालू झाली. आज ती सगळीकडे दिसते. आमच्या लोहारांचं म्हणणं, की नक्षीने धार वाढत नाही, घडाईचे दिवस मात्र वाढतात, आणि प्रत्येक जोडात चूक राहायला जागा असते. "तुम्हाला नक्षी पाहिजे असेल तर देतो. पण तुम्ही मला कापण्याबद्दल सांगितलंत, बघण्याबद्दल नाही." मी माघार घेतली. ५१६० नावाचं साधं पोलाद ठरलं. त्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के, क्रोमियम ०.८ टक्क्यांच्या आसपास. गाड्यांच्या कमानपाट्यांना वापरतात तेच. आयुष्यभर वाकायचं आणि परत सरळ व्हायचं काम करणारं पोलाद मोठ्या सुरीला योग्यच. गंज मात्र धरतं. एवढं थोडं क्रोमियम गंज थांबवत नाही, हे त्यांनी मला तीनदा लिहून कळवलं. तरीही पुढे जे व्हायचं ते झालंच.

गार्डचंही तेच. माझ्या चित्रात ते इंग्रजी एसच्या आकाराचं, वर-खाली दोन्हीकडे बाहेर आलेलं होतं. त्यांनी मला हातात पट्टी धरून फांदी तासल्याचा अभिनय करायला लावला, फोनवर, कॅमेऱ्यासमोर. अंगठा आपोआप पाठीवर गेला. "आता त्याच जागी पितळेचा कोंब आहे असं समजा." वरचा कोंब गेला.

आणि मग मूठ.

हाताचा ठसा पाठवा म्हणाले. मी कागदावर पंजा ठेवून, बोटं पसरून, भोवताली पेन्सिल फिरवली. लहान मुलं काढतात तसं. तीन आठवड्यांनी टपालाने पाइनच्या लाकडाची नमुना मूठ आली. ती धरली आणि लाटणं धरल्यासारखं वाटलं. माझे हात लहान आहेत आणि हे लाकूड एखाद्या पैलवानाचं. चूक माझीच होती: पेन्सिल तिरपी धरल्यामुळे प्रत्येक बोट दोन-तीन मिलिमीटरने फुगलं होतं. शिवाय पसरलेला पंजा फक्त लांबी-रुंदी सांगतो. मिटलेल्या मुठीत किती जाडी मावते हे सांगत नाही. पुन्हा एलिव्हेशन! मी फोनवर तसं म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. मग म्हणाले, घरात जी सुरी तुम्ही रोज वापरता आणि जिच्याबद्दल कधी तक्रार केली नाहीत, तिच्या मुठीची मापं घ्या. व्हर्नियर लावून घेतली. कमरेपाशी १९ मिलिमीटर, मागे फुगून २४.

दुसरा नमुना आला तो सँडपेपरच्या दोन तुकड्यांसह. सोबत चिठ्ठी: रोज थोडा वेळ धरा, जिथे बोचेल तिथे पेन्सिलने खूण करा, तेवढंच घासा, परत पाठवा. दहा दिवस मी ते लाकूड धरून घरभर फिरले. फोनवर बोलताना, काही वाचताना. घरच्यांनी विचारणं सोडून दिलं. त्या दहा दिवसांत जे कळलं ते कुठल्याही फोटोत नव्हतं. मूठ आडव्या छेदात अंड्यासारखी हवी, धारेच्या बाजूला निमुळती. गोल मूठ घामेजल्या हातात फिरते, आणि फिरली हे कळायच्या आत धार भलतीकडे वळलेली असते. अंड्याच्या आकाराची मूठ अंधारातही सांगते की धार कुठे आहे. करंगळीपाशी थोडा उठाव हवा, नाहीतर घाव घालताना सुरी पुढे सटकते. मला सांबरशिंगाची मूठ हवी होती, तो हट्टही इथेच सुटला. शिंग जन्मतः जसं असेल तसं असतं. त्याला १९ मिलिमीटर सांगता येत नाहीत. त्याऐवजी अक्रोडाचं लाकूड घेतलं, निर्वात भांड्यात राळ जिरवून पक्कं केलेलं. ओलाव्याने ते फारसं फुगत-आक्रसत नाही.

मग वाट पाहणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अकरा महिन्यांचे बारा झाले आणि निरोप आला: यायचं तर या, उद्या घडतोय. मी रजा टाकून गेले. गॅसच्या भट्टीतून नारिंगी पट्टी बाहेर यायची, पाच-सहा घाव, परत आत. मला वाटलं होतं दणादण घण पडतील. प्रत्यक्षात हातोडा मध्यम होता आणि घाव मोजके. टोक ठोकून काढलं, मग धारेची बाजू पातळ करायला घेतली. गंमत अशी, की एका कडेला पातळ केलं की लोखंड तिकडे पसरतं आणि पातं केळ्यासारखं वर वाकतं. ते होणार हे धरून त्यांनी आधीच पातं उलट दिशेला, धारेकडे वाकवून ठेवलं होतं. धार ठोकता ठोकता ते आपणहून सरळ झालं. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वरही बघितलं नाही.

मुठीत जाणारा निमुळता दांडा, त्याला ते शेपटी म्हणतात, शेवटी काढला. मग पातं तीन वेळा तापवून साध्या हवेत थंड होऊ दिलं, दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी तापवून. ठोकाठोकीत वाढलेला पोलादाचा दाणा याने पुन्हा बारीक होतो. हे बघायला कंटाळवाणं असतं आणि घाई असलेला कारागीर हेच गाळतो, असं ते म्हणाले.

मराठीत आपण पात्याला पाणी देतो. इथे पाणी कुठेच नव्हतं. लांबट डब्यात तेल होतं, तेही साधारण ५५ अंशांपर्यंत तापवलेलं. गरम तेल पातळ होतं आणि पात्याभोवती नीट फिरतं. पाण्यात हे पोलाद इतक्या झपाट्याने निवतं की तडकायची भीती. तापलेल्या पात्याला त्यांनी मला दाखवायला म्हणून लोहचुंबक लावलं. ते चिकटलं नाही. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला ओळखेनासं होतं. जुने लोहार यावरून अंदाज बांधत आणि त्याहून थोडं पुढे जात. यांच्याकडे विजेची भट्टी होती, ८३० वर लावलेली. दहाएक मिनिटं आत, आणि मग तीन पावलांत तेलाच्या डब्यापर्यंत. आवाज अगदी थोडा झाला. धूर, एक छोटी ज्वाळा, आणि त्यांचा हात उभ्या रेषेत वर-खाली. बाजूला हलवलं तर एक अंग आधी थंड होऊन पातं वाकडं होतं. बाहेर काढून डोळ्यासमोर धरलं आणि पाठीवरून पाहिलं. वरून. सरळ होतं. कानस मारून पाहिली तर काचेवरून घसरावी तशी घसरली.

या अवस्थेत पातं काचेसारखंच ठिसूळ असतं, जमिनीवर पडलं तरी तुटू शकतं. म्हणून ते लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. थोडा कठीणपणा देऊन चिवटपणा विकत घ्यायचा. मी तरंगत घरी आले.

चार दिवसांनी फोन. "तडा आहे."

घासताना दिसला होता. पातं संपून शेपटी सुरू होते त्या खांद्यापाशी, केसाएवढा, जेमतेम चार मिलिमीटर. मी क्षणभर गप्प बसले आणि मग जे बोलले ते आठवून आजही लाजते. मी म्हटलं, "गार्डखाली झाकला जाईल ना?"

"जाईल. आणि लाकडावर दहावा घाव घालाल तेव्हा पातं तुमच्या पायावर पडेल."

दोष आपला, असं ते सरळ म्हणाले. खांद्याचा आतला कोपरा गोल करायचा असतो. तो काटकोनात राहून गेला. काटकोनात ताण एकवटतो आणि तेलात बुडताना तिथूनच फाटतं. इमारतीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून प्लास्टरला तिरपी भेग जाते ती याच कारणाने, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. आठवड्याने एक जड पाकीट आलं. आत माझं पातं, दोन तुकड्यांत. त्यांनी शेगड्यात धरून मोडलं होतं. मोडलेली कड राखाडी मखमलीसारखी, दाणा दिसूही नये इतकी बारीक. फक्त एका कोपऱ्यात फिकट सोनेरी डाग. तडा आधीपासून उघडा होता, म्हणून ओव्हनच्या उष्णतेने आतल्या कडेवर तो रंग चढला. बाकीची कड मोडताना नव्याने उघडली, ती राखाडीच राहिली. म्हणजे तडा तेलातच गेला होता. मोडक्या पात्यांच्या त्या डब्याचा अर्थ मला तेव्हा खरा कळला. माझा तुकडा त्यांनी डब्यात न टाकता मला का पाठवला, ते मी विचारलं नाही. तो माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून.

दुसरं पातं पाच आठवड्यांनी तयार झालं. या खेपेला मी गेले नाही. खांद्याचा कोपरा गोल कानशीने गोल केल्याचा फोटो मात्र न मागता आला.

घासकाम हा प्रकार किती वेळखाऊ आहे याची मला कल्पना नव्हती. घडाई एका दिवसाची, घासाई आठवड्याची. १२० नंबरचा खरखरीत सँडपेपर, मग आणखी बारीक होत जाणारे २२०, ४००, ६००. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाचे सगळे ओरखडे पुसायचे. १२० चा एखादा चुकार ओरखडा ४०० पर्यंत लपून बसतो आणि ६०० ला दात काढतो, की जा परत मागे. त्यामुळे हातघडणीच्या सुरीचे पैसे कशाचे, असं कुणी विचारलं तर मी म्हणते, ठोकण्याचे कमी, पुसण्याचे जास्त. आरशासारखी चकाकी मी मागितली नव्हती. पहिल्याच फांदीला ती गेली असती.

सुरी आली तेव्हा मी आधी गार्ड पाहिलं. पातं आणि पितळ यांच्यात दिव्यासमोर धरूनही उजेड दिसत नव्हता. वजन ३९० ग्रॅम. बोटावर तोलली तर तोल गार्डच्या पुढे दोन सेंटिमीटरवर. म्हणजे उगारताना पुढे ओढते, पण धरून ठेवल्यावर मनगट दुखत नाही. मूठ धरली आणि काहीच वाटलं नाही. बोचलं नाही, भरलं नाही, निसटलं नाही. दहा दिवस लाकूड घेऊन फिरल्याचं फळ म्हणजे हे 'काहीच नाही'. दोर कापला, सुकी फांदी तोडली, मग कागदावरून फिरवून पाहिली. कागद अजून कुरकुर न करता फाटत होता. धार लावण्याआधी कड फक्त अर्ध्या मिलिमीटरची ठेवली होती म्हणे. आणखी पातळ ठेवली असती तर फांदीने मोडली असती, जाड ठेवली असती तर कागद अडला असता.

तक्रार एकच. म्यान सुंदर होतं, वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या जाड चामड्याचं, धारेने टाके कापू नयेत म्हणून शिलाईत चामड्याची पट्टी घातलेलं. पण पट्टा अडकवायची जागा इतकी वर होती की बसलं की मूठ बरगडीत. म्यानाबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते, मग दोष कुणाला देणार? शिवाय त्या म्यानात मी सुरी दोन आठवडे तशीच ठेवली. चामडं ओलावा धरतं. काढली तेव्हा पात्यावर तांबूस ठिपके. तीनदा लिहून कळवलेलं आठवलं. तेल आणि ६०० चा कागद घेऊन एक संध्याकाळ गेली. दोन ठिपक्यांची करडी सावली राहिलीच आहे. आता ती मेण लावून, म्यानाबाहेर, कापडात असते.

मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, फोटो पाठव. मी सुरी खिडकीत धार खाली करून उभी धरली आणि बरोबर वरून फोटो काढला. सहा, तीन, दीड. पाठ अशी निमुळती होत गेलेली, की डोळा गार्डपासून टोकापर्यंत आपोआप घसरावा. पाठवला.

तिचं उत्तर आलं: "ही पट्टी आहे का? बाजूने पाठव ना, यात काहीच दिसत नाहीये."